अकरा वाजून पाच मिनिटांनी: पॅम रेनॉल्ड्स यांच्या मृत्युसमीप अनुभवाचे प्रकरण

ऑगस्ट १९९१. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातील बॅरो न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट. सकाळी सव्वासातला पॅम रेनॉल्ड्स यांना ऑपरेशन थिएटरमध्ये आणले, तेव्हा त्या जाग्या होत्या. वय ३५, राहणार अटलांटा, व्यवसायाने गायिका आणि गीतकार. मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभाला रक्त पुरवणाऱ्या बॅसिलर धमनीच्या भिंतीला मोठा फुगा आला होता. तो कधीही फुटू शकत होता. नेहमीच्या पद्धतीने तिथवर हात घालणेही तितकेच धोक्याचे होते. रॉबर्ट स्पेट्झलर हे न्यूरोसर्जन अशा रुग्णांवर एक निराळी शस्त्रक्रिया करत, म्हणून पॅम इतक्या दूर आल्या होत्या.

त्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांच्या बोलीत ‘स्टँडस्टिल’ म्हणतात. सगळे थांबवायचे, असा त्याचा सरळ अर्थ. जांघेतल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त बाहेरच्या यंत्रात घ्यायचे, तिथे ते थंड करून परत सोडायचे, असे करत शरीराचे तापमान साधारण १५.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवायचे. मग हृदय थांबवायचे, टेबल डोक्याकडून उचलायचे आणि मेंदूतले रक्त खाली उतरू द्यायचे. रक्त गेले की धमनीवरचा फुगा मोकळ्या पिशवीसारखा खाली बसतो आणि सर्जनला तो बंद करता येतो. हे शक्य होते ते थंडीमुळे. तापमान एक अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सहा-सात टक्क्यांनी घटते. एरवी रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत इजा होणारा मेंदू त्या गारठ्यात अर्धा तासभर तग धरतो.

पुढचे सगळे ज्यावर अवलंबून आहे ती मांडणी इथेच सांगतो. पॅम यांना पूर्ण भूल दिली होती. डोळे मलम घालून चिकटपट्टीने बंद केले होते. दोन्ही कानांत घट्ट बसणारे, साच्यातून काढलेले छोटे स्पीकर होते. त्यांतून मोठ्या आवाजाची टकटक सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा वाजत होती. ती पॅम यांना ऐकवण्यासाठी नव्हती. कानावर टकटक पडली की मेंदूस्तंभातून विजेची एक ठरावीक लहर उमटते. ती उमटते आहे तोवर मेंदूस्तंभ काम करतो आहे, आणि थांबली की त्याचेही काम थांबले. मेंदूच्या वरच्या थरासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या हालचालीचा आलेख, चालू होता. एखाद्या माणसाच्या मेंदूवर इतके बारीक लक्ष असताना त्याला मृत्युसमीप अनुभव यावा आणि त्याने तो नंतर सांगावा, असे फार क्वचित घडते. म्हणून, मेंदू बंद असतानाही जाणीव राहते का, असा वाद या एका शस्त्रक्रियेवर अजून चालू आहे.

पॅम यांनी सांगितलेले

आधी आवाज आला. करवतीचा. कवटीचे हाड कापणाऱ्या यंत्राचा तो आवाज त्यांना पाश्चात्त्य संगीतातल्या ‘डी’ या सुरासारखा वाटला. गाणाऱ्या माणसाने सूर ओळखावा, यात नवल नाही. त्या म्हणतात, तो सूर ऐकता ऐकता आपण ओढले गेलो आणि डोक्याच्या वरच्या टोकातून बाहेर पडलो. मग सर्जनच्या खांद्यावर बसल्यासारखे सगळे दिसू लागले, नेहमीच्या नजरेपेक्षा स्पष्ट. करवत त्यांना विजेच्या टूथब्रशसारखी दिसली. तिच्या वेगवेगळ्या पात्यांची पेटी पान्यांच्या पेटीसारखी वाटली. डोके पूर्ण भादरतील असे त्यांना वाटले होते, तसे केले नव्हते, हेही त्यांच्या ध्यानात आले. इतक्यात एका बाईचा आवाज आला की हिच्या रक्तवाहिन्या फार लहान आहेत. दुसऱ्या बाजूने बघा, असे कोणी तरी म्हणाले. मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना ही माणसे खाली जांघेपाशी काय करताहेत, असे पॅम यांना वाटून गेले.

नंतरचा भाग निराळा आहे. कोणी तरी वर ओढते आहे असे वाटले. वावटळ असावी, पण तिला गरगर नसावी, तसे काहीसे. झरकन वर जाणाऱ्या लिफ्टसारखे. आजीची हाक आली, कानांनी ऐकलेली नव्हे तरी स्वच्छ. पुढे प्रकाश होता आणि प्रकाशात माणसे होती. आजी, काका, गेलेले आणखी काही आप्त. त्यांनी पॅम यांचे काही तरी पोषण केले, असे त्या सांगतात. मात्र पुढे जाऊ दिले नाही. एका टप्प्यापलीकडे गेलीस तर तुला परत शरीरात बसवता येणार नाही, असा त्याचा भाव होता. हा प्रकाश म्हणजे देव का, असे त्यांनी विचारले. उत्तर आले की नाही, देव श्वास घेतो तेव्हा जे होते तो हा प्रकाश.

परत आणायला काका आले. पॅम यांना आपले शरीर दिसले आणि त्यात शिरावेसे वाटेना; मेलेलेच दिसत होते ते. तलावात उडी मारतात तशी मार, असे काका म्हणाले. त्या अडून राहिल्या, तेव्हा त्यांनी ढकलले. बर्फाच्या पाण्यात पडावे तसे झाले आणि दुखले. त्या वेळी थिएटरमध्ये लोकप्रिय गाणे वाजत होते, तेही पॅम यांना आठवते. शस्त्रक्रियेचा मुख्य भाग आटोपल्यावर, जखम शिवताना, तिथे खरोखरच गाणी लावली होती.

घड्याळ

हे सगळे जगापुढे आणले अटलांटाचे हृदयरोगतज्ज्ञ मायकल सबोम यांनी, १९९८ मध्ये. त्यांनी पॅम यांच्याशी सविस्तर बोलणे केले ते शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन वर्षांनी. नंतर रुग्णालयाच्या नोंदी मिळवून शस्त्रक्रियेचा वेळापट तयार केला. त्यांचे खरे मोठे काम मला हेच वाटते. विरोधकांनीही पुढे त्यांच्याच वेळापटाचा आधार घेतला.

८:४० च्या सुमारास डोक्याचे काम सुरू झाले. करवत फिरली. त्याच टप्प्यात जांघेकडे काम करणाऱ्या हृदय-शल्यचिकित्सक बाईंना उजवीकडची वाहिनी अपुरी वाटली आणि डावीकडे वळावे लागले. १०:५० च्या आसपास रक्त थंड करणे सुरू झाले. ११:०५ ला हृदय थांबले. ईईजीची रेघ सपाट झाली, आणि थोड्याच वेळात टकटकीला मेंदूस्तंभाकडून येणारे उत्तरही थांबले. ११:२५ ला टेबल उचलून रक्त काढून घेतले. बाराच्या सुमारास ऊबदार रक्त परत सोडताना हृदय थरथरू लागले, ते ठेक्यावर आणायला दोनदा विजेचा धक्का द्यावा लागला. १२:३२ ला यंत्र काढले. २:१० ला पॅम रिकव्हरी रूममध्ये होत्या.

आता पॅम यांनी सांगितलेल्या गोष्टी या वेळापटावर ठेवून पाहा. करवत, पेटी, केस, रक्तवाहिन्यांचे बोलणे, म्हणजे पडताळून पाहता येईल असे जवळजवळ सगळे काही ८:४० च्या बाजूचे आहे. त्या वेळी शरीर ऊबदार होते, हृदय चालू होते, मेंदूला रक्त होते. पॅम भुलीत होत्या; मृत्यूच्या जवळपासही नव्हत्या. गाणे दुसऱ्या टोकाचे, हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतरचे. आणि ११:०५ ते बारा, जेव्हा खरोखर काहीच चालू नव्हते, त्या पोकळीत बसवता येतील अशा गोष्टी कोणत्या? वावटळ, आजी, प्रकाश, देवाचा श्वास. त्यांतली एकही बाहेरून पडताळता येत नाही.

या प्रकरणाविषयी बोलताना बहुतेक जण हे दोन भाग एकात एक मिसळतात. ‘मेंदू बंद असताना तिने करवत पाहिली’ हे वाक्य अनेकदा लिहिले गेले आहे. ते चूक आहे. ज्याची साक्ष आहे ते मृत अवस्थेतले नाही, आणि मृत अवस्थेतले असू शकेल त्याला साक्ष नाही. गोष्ट सलग सांगितली गेली, त्यामुळे मधला भाग मधल्या वेळेचा असणार असे आपण धरून चालतो. स्वप्नात अख्खी यात्रा घडते आणि घड्याळात दोनच मिनिटे गेलेली असतात, हे ठाऊक असूनही.

मात्र एवढे म्हणून प्रकरण मिटले असे मला वाटत नाही. सावध वाचक इथेच थांबतात आणि मला ते घाईचे वाटते. ८:४० चा भागही साधा नाही. भूल देऊन तासाहून जास्त वेळ झाला होता. कानांत घट्ट स्पीकर, त्यात अखंड टकटक. तरीही जांघेपाशी झालेले बोलणे त्यांनी अर्थासह सांगितले आणि ते नोंदींशी जुळले. भूलतज्ज्ञ गेराल्ड वुर्ली यांचे म्हणणे असे की ही भुलीतली जाग आहे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांमुळे रुग्णाला बोट हलवता येत नाही, वेदनाशामकांमुळे वेदना कळत नाही, पण थोडी जाणीव शिल्लक राहू शकते. असे घडते, यात शंका नाही. रुग्णांनी आपण होऊन केलेल्या तक्रारी मोजल्या तर प्रमाण अगदी कमी निघते. ब्रिटनच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत ते सुमारे १९,००० भुलींमागे एक होते. रुग्णांना नेमके प्रश्न विचारले तर ते हजारात एक-दोनपर्यंत जाते. करवतीचा आवाज तर हाडातूनच आत पोहोचतो, कान बंद असले म्हणून काय. आवाज ऐकला की मन त्याचे चित्र स्वतःच उभे करते.

करवतीच्या चित्राबाबत सबोम यांनी स्वतः नोंदवलेली एक बारीक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. आपण करवत पाहिली नव्हती म्हणून त्यांनी तिचे चित्र मिळवले, आणि टूथब्रशची उपमा किती चपखल आहे हे पाहून ते चकित झाले. पण पॅम यांनी करवतीच्या मुठीवर जिथे खाच सांगितली होती, ती तिथे नव्हती. खाचेसारखी दिसणारी कड होती, दुसऱ्या टोकाला. डोळ्यांनी किंवा आणखी कशाने प्रत्यक्ष पाहिले असते, तर ही चूक व्हायला नको होती. दातांच्या डॉक्टरकडचे ड्रिल आठवून मनाने चित्र रंगवले असेल, तर अशी चूक होणे अगदी शक्य. स्वतःला जे सिद्ध व्हावेसे वाटत होते त्याच्या विरुद्ध जाणारा तपशील सबोम यांनी लपवला नाही. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो यामुळे.

स्पेट्झलर यांनी आयुष्यभर मेंदू उघडून पाहिला. पॅम यांनी सांगितलेल्या गोष्टी त्या अवस्थेत कशा कळल्या असतील याचे उत्तर आपल्याकडे नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांनी त्यावरून आत्म्याचा सिद्धान्त काढला नाही.

आलेख एकाचा, गोष्ट दुसऱ्याची

१९९१ नंतर संशोधन बरेच पुढे गेले. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांत पिम व्हान लोमेल आणि सहकाऱ्यांनी हृदय थांबून परत आलेल्या ३४४ रुग्णांना विचारले; ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. हे २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाने एका अपस्माराच्या रुग्ण बाईंच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, अँग्युलर गायरस या भागात, विजेची सौम्य उत्तेजना दिली, तेव्हा आपण वरून स्वतःला पाहतो आहोत असे त्यांना वाटले. जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये उंदरांवर दाखवले की हृदय थांबल्यावर पहिल्या तीसेक सेकंदांत मेंदूत गॅमा लहरींची लाट येते. २०२३ मध्ये त्यांनी श्वसनयंत्र काढलेल्या चार माणसांच्या नोंदी पाहिल्या. दोघांत तशी लाट होती.

ती दोन्ही माणसे गेली. त्यांना काय दिसले, काही दिसले की नाही, हे कोणाला कळणार नाही. लोमेल यांच्या ६२ जणांनी गोष्टी सांगितल्या, पण त्या क्षणी त्यांच्या डोक्याला तारा लावलेल्या नव्हत्या. हृदय बंद पडते ते रस्त्यात, वॉर्डमध्ये, झोपेत. तिथे ईईजी कुठला. ज्यांचा आलेख आहे त्यांची गोष्ट नाही, ज्यांची गोष्ट आहे त्यांचा आलेख नाही. या विषयाची सगळी अडचण मला या फटीत दिसते. पॅम यांच्याकडे आलेख होता आणि गोष्टही होती. एकाच माणसाची, एकाच दिवसाची. फक्त गोष्टीवर वेळ घातलेली नव्हती.

वेळ घालता येते, याचे एक छोटे उदाहरण आहे. सॅम पार्निया यांच्या गटाचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास २,०६० हृदयबंद प्रसंगांचा होता. छताजवळच्या फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. १४० जण मुलाखतीपर्यंत पोहोचले. ज्या ५७ वर्षांच्या गृहस्थांनी सर्वांत तपशीलवार वर्णन केले, त्यांच्या खोलीत फळीच नव्हती. पण विजेचा धक्का देणारे यंत्र आपोआप बोलते, आणि त्याचा तो आवाज दोनदा ऐकल्याचे त्यांनी सांगितले. दोन सूचनांमध्ये किती वेळ जातो हे ठरलेले असते. त्यामुळे संशोधकांना म्हणता आले की या माणसाची जाणीव तीनेक मिनिटे चालू असावी. चित्राच्या फळीने जे साधले नाही ते एका यंत्राच्या ठरावीक आवाजाने साधले.

परत कोण पाठवते

पॅम यांना न्यायला आजी आली, परत सोडायला काका. ओढ, माया, अडून राहणे, ढकलणे, सगळे घरातल्या माणसांमधले. मानववंशशास्त्राच्या नजरेने पाहताना पहिला प्रश्न पडतो की हे असेच का? न्यायला दुसरे कोणी का आले नाही?

सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये उत्तर भारतातली अशी १६ प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांत बोगदा नाही आणि वरून आपलेच शरीर पाहणेही नाही. दूत येतात, माणसाला धरून नेतात, एका वही घेऊन बसलेल्या माणसापुढे उभे करतात. वही चाळली जाते. मग कळते की भलत्यालाच आणले, त्याच नावाचा दुसरा आणायचा होता, आणि परत पाठवणी होते. थायलंडमधल्या कथनांतही यमदूत आणि हीच चूक भेटते. पापुआ न्यू गिनीमधल्या कालिआय लोकांत डोरोथी काउंट्स यांनी १९८३ मध्ये नोंदवलेल्या अनुभवांत मृतांच्या देशात कारखाने आणि मोठे रस्ते आहेत. वसाहतीच्या काळात ज्यांना सगळी समृद्धी समुद्रापलीकडून येताना दिसली, त्यांचा परलोक असा असावा हे समजण्यासारखे आहे. ॲलन केलीहिअर यांनी निरनिराळ्या समाजांतली कथने एकत्र ठेवली, तेव्हा बोगदा सगळीकडे आढळत नाही हे स्पष्ट झाले.

यावरून ‘संस्कृती जे शिकवते तेच दिसते’ असा निकाल चटकन दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. पॅम यांना आपण ज्यातून गेलो त्यासाठी वावटळ, लिफ्ट, टूथब्रश, पान्यांची पेटी हेच शब्द सापडले, कारण त्यांच्या आयुष्यात याच वस्तू होत्या. पण उपमा शोधावी लागते ती समोरची गोष्ट ओळखीची नसते म्हणून. गरगर नसलेली वावटळ कोणी कोणाला शिकवलेली नसते. संस्कृतीने अनुभव घडवला, की अनुभव सांगायला शब्द दिले, हे तीन वर्षांनंतरच्या मुलाखतीवरून वेगळे काढता येत नाही.

उलट बाजूचे लोक म्हणतात की जाणे, भेटणे, अडवले जाणे, परत येणे हा साचा सगळीकडे सारखा आहे, म्हणून तो खरा. हेही मला पटत नाही. परत पाठवले जाणे प्रत्येक कथनात असणारच, कारण परत आलेलाच सांगू शकतो. वहीत नाव बरोबर निघाले त्यांची मुलाखत कोणी घेतलेली नाही. खरा फरक आहे तो परतीच्या कारणात, आणि तो मला फार बोलका वाटतो. उत्तर भारतातल्या त्या माणसाला दफ्तरातली चूक परत आणते, पॅम यांना आप्तांची माया. माणसाचा जन्म-मृत्यू कोणाच्या हातात आहे असे तो समाज मानतो, ते या कारणात उमटते: कुठे दरबार, कुठे कुटुंब.

डोक्याच्या टोकातून

पॅम ‘डोक्याच्या वरच्या टोकातून’ बाहेर पडल्या. भूलतज्ज्ञ म्हणेल, साहजिक आहे. करवत कवटीवर चालली होती, हाडाची थरथर तिथेच होती, जाणीव तिथेच गोळा होणार. योगपरंपरेत वाढलेल्या वाचकाला मात्र ब्रह्मरंध्र आठवेल. कठोपनिषदात म्हटले आहे की हृदयाच्या एकशे एक नाड्या आहेत, त्यांतली एक मस्तकाकडे जाते, आणि तिच्यातून वर जाणारा अमृतत्वाला पोहोचतो. अटलांटाच्या गायिकेने हे वाचलेले असण्याचे कारण नाही. मी यातून काही सिद्ध करू पाहत नाही. त्या शरीराच्या त्या जागी त्या वेळी धातूचे पाते फिरत होते, हे विसरून उपनिषदाकडे धावणे मला बरे वाटत नाही. आणि पाते फिरत होते एवढेच सांगून गप्प बसले, तर माणसांनी हजारो वर्षे जाण्याची वाट तिथेच का मानली हा प्रश्न तसाच राहतो.

देवाच्या श्वासाचेही तसेच. पॅम ख्रिस्ती वळणाच्या समाजात वाढल्या. मातीच्या माणसात देवाने श्वास फुंकला, ही त्यांच्याकडची जुनी गोष्ट. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की ऋग्वेद, यजुर्वेद वगैरे सगळे या महान भूताचे निःश्वसित आहे. दोन्हींत विश्व ही श्वासातून सहज निघालेली गोष्ट आहे. पॅम यांना प्रकाश हाच देव आहे असे उत्तर मिळाले असते, तर ते सरधोपट झाले असते. ‘नाही’ असे उत्तर आले, आणि म्हणूनच या प्रकरणातले ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. प्रकाशाला देव समजण्याचा मोह त्यात टाळला आहे.

धर्माला या प्रकरणाची साक्ष हवी आहे का? अनेक श्रद्धाळू मोठ्या आनंदाने ती साक्ष पुढे करतात. सबोम स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. पण धर्मग्रंथ या बाबतीत त्यांच्या वाचकांपेक्षा सावध आहेत. संत पौल करिंथकरांना लिहितात की एक माणूस तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, देहात की देहाबाहेर हे मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक. आणि नचिकेता यमाच्या दारात उभा राहून विचारतो की मेलेला माणूस असतो की नसतो, तेव्हा यम म्हणतो की देवांनाही पूर्वी याबद्दल शंका होती, दुसरा वर माग. शेवटी यम बोलतो, पण आधी टाळतो. ज्याच्याकडे वही आहे तोच टाळतो.

टकटक

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. फुगा बंद झाला. पॅम त्यानंतर जवळजवळ १९ वर्षे जगल्या आणि २०१० मध्ये गेल्या. आपला अनुभव त्यांनी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितला.

प्रकरण वाचून खाली ठेवले की मी परत परत कानांतल्या त्या स्पीकरपाशी येतो. थिएटरमधले बोलणे, करवत, गाणे, हे सगळे पॅम यांनी सांगितले. त्यांच्या सर्वांत जवळ, दोन्ही कानांच्या आत, दिवसभर वाजत असलेली टकटक मात्र सबोम यांनी दिलेल्या कथनात येत नाही. कानांनी ऐकत असत्या, तर आधी तीच ऐकू यायला हवी होती, असे हा अनुभव मेंदूपलीकडचा मानणारे लोक म्हणतात. हा मुद्दा वजनदार आहे. सतत वाजणारा एकसारखा आवाज मन पुसून टाकते, पंख्याचा आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो, असे दुसरी बाजू म्हणू शकते. त्यातही तथ्य आहे.

पण टकटकीचे महत्त्व मला याहून वेगळे वाटते. त्या खोलीतला हा एकच आवाज असा होता, जो पॅम यांच्या कानात पडत होता आणि त्याच वेळी यंत्रावर मिनिटागणिक नोंदला जात होता. तिला मेंदूकडून केव्हा उत्तर मिळत होते आणि केव्हा मिळेनासे झाले, हे कागदावर आहे. त्या एकसारख्या टकटकीत मधेमधे वेगळा खुणेचा ठेका, दर पाच मिनिटांना निराळा, कोणी घातला असता, आणि नंतर तो पॅम यांना आठवला असता, तर गोष्टीवर वेळ पडली असती. १९९१ मध्ये हे कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. सगळे जण एका बाईचा जीव वाचवण्यात गुंतले होते. पॅम यांना विचारायला हवे होते ते एवढेच: आजीची हाक आली तेव्हा कानात काही वाजत होते का?